मन लागत नसतां केलेलें काम

मन लागत नसतां केलेलें काम खरें असतें कीं तो केवळ देखावा होय, असा प्रश्न पुष्कळ वेळां विचारला जातो. खिन्न मनुष्याच्या संबंधानें त्याचा विचार अवश्य केला पाहिजे. कारण त्याच्या बाबतींत या उत्तरावर कधीं कधीं जीव अवलंबून असतो.

आपल्या खेड्यांतील पुष्कळ मुलगे व मुली पोटासाठीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत जाऊन राहिलीं आहेत. तेथें अनेकांस एका खोलींत दाटीनें राहावें लागतें, व लोकल गाडीच्या गर्दींतून कामावर जावें लागतें. अशा ठिकाणीं एखाद्या तरुणाची नोकरी सुटते, किंवा कांहीं कारण दिसत नसतांही त्याचें मन खचतें. तो मित्रांकडे जाणें सोडतो, मग अंघोळही टाळतो, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. गांवाहून बाप येऊन म्हणतो, “अरे, आळस सोड, जरा धीर धर.” मुलगा म्हणतो, “बाबा, मन लागलें म्हणजे उठेन.” मन आधीं सुधारावें व कृति मागून व्हावी, असेंच दोघेही धरून चालतात.

परंतु या आजाराची रीति निराळी आहे. मनुष्य खिन्न झाला म्हणजे कामें सोडतो. कामें सुटलीं म्हणजे त्यांपासून मिळणारें समाधान व माणसांची संगत हींही सुटतात. आणि त्यामुळें खिन्नता आणखी वाढते. हें चक्र मनाला हुकूम करून थांबत नाहीं. हातपाय मात्र कांहीं अंशीं तरी आपल्या स्वाधीन असतात. म्हणून तें तेथें अडवावें.

ही गोष्ट गोव्यांत पारखून पाहण्यांत आली आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या द्वारें डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, खिन्नतेनें फार पिडलेल्या ४९५ स्त्रीपुरुषांचे दोन गट केले. दोहोंस केंद्रांतील नेहमींची मदत होतीच. एका गटास शिकवून तयार केलेले स्थानिक लोक सहा ते आठ वेळां भेटत. ते डॉक्टर नव्हते. दिनक्रमांतून काय सुटलें आहे हें ते आजाऱ्याबरोबर पाहत, आणि एकेक लहान काम वेळ ठरवून पुन्हां सुरू करवीत. याचें फळ २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. तीन महिन्यांनीं या गटांतील शेंकडा ६४ जणांची खिन्नता ओसरली होती. दुसऱ्या गटांतील शेंकडा ३९ जणांची.

तर मग आपल्या प्रश्नाचें उत्तर काय? लोकांस दिसावें म्हणून जो नसलेल्या प्रीतीचा आव आणतो तो ढोंगी होय. परंतु तापांतून उठलेला मनुष्य भूक नसतांही पेज पितो, त्याला ढोंगी कोण म्हणेल? भूक मागून येते. एलीयाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तो रतामाच्या झुडपाखालीं मरण मागून निजला असतां दूतानें त्याला दोष दिला नाहीं. त्याला उठवून भाकर व पाणी दिलें. तो पुन्हां निजला, तेव्हां दुसऱ्यांदाही तेंच केलें. लांब वाटेचें नांव त्या दुसऱ्या खेपेस निघालें, आणि नवी कामगिरी तर होरेबास पोंचल्यावर मिळाली.

यावरून उपदेशकांनीं व आप्तांनीं आपलें कर्तव्य ओळखावें. सांगावयाचें काम इतकें लहान असावें कीं वाईट दिवशींही तें व्हावें. सकाळीं नळ आला म्हणजे एक कळशी भरावी. आपलें ताट आपण धुवावें. सायंकाळीं रस्त्याच्या टोकापर्यंत चालून यावें. एखाद्या मित्राकडे पांच मिनिटें बसावें. त्याला जें पूर्वीं आवडत असे किंवा मोलाचें वाटत असे त्यांतूनच निवडावें. वेळ कागदावर लिहावी, व पहिल्या दिवशीं आपण बरोबर जावें. तें झालें नाहीं तर रागावूं नये. त्याहून लहान काम ठरवावें. त्यापासून लागलाच आनंद होईल असें नाहीं. आजचें काम झालें, इतकें आज पुरे. शिवाय ज्याची नोकरी गेली त्याला नोकरी शोधण्यासही साह्य करावें. कळशी भरल्यानें भाडें भरलें जात नाहीं.

सर्व खिन्नता एवढ्यानें जाते असेंही कोणीं समजूं नये. झोप व अन्न बरेच दिवस तुटलें, किंवा मरणाचे विचार येऊं लागले, तर त्याला एकटें सोडूं नये, व डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करूं नये. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते, व तेथें मराठींत बोलतां येतें. औषध घेणें हा विश्वासाचा उणेपणा नव्हे.

वाचकहो, मुंबईस अशा मुलाकडे जाल तेव्हां ‘धीर धर’ हे शब्द क्षणभर आवरा. एक कळशी तुम्ही उचला, दुसरी त्याच्या हातीं द्या, आणि नळापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा.