जुळलेली रोकड

बँकेत इतकी वर्षं नोटा मोजून मला मनुष्यस्वभावाचा एकच नियम कळला आहे. संध्याकाळी रोकड शंभराने कमी भरली, की आम्ही पाच-पाच वेळा मोजतो. गड्ड्या सोडतो, टेबलाखाली वाकतो, चहावाल्या पोराकडेही संशयाने बघतो. पण पहिल्याच फटक्यात जुळली, तर पुन्हा मोजणारा कॅशियर मी अजून पाहिला नाही. वास्तविक दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं तरी रोकड जुळते. बी. कॉम.ला यावर मी चांगली टीपही लिहिली होती.

मतांचंही असंच होतं. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. ऐन पितृपक्षात गणपती दूध पिऊ लागला. दिल्लीची ही बातमी त्याच दिवशी आमच्या बोर्ली पंचतनला पोचली. (एरवी आमच्याकडे लग्नाची पत्रिका बारशाच्या सुमारास येते.) मी शाळकरी. देव्हाऱ्यातल्या संगमरवरी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध गेलं की हो! केशाकर्षणाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला मी, "प्यायला!" म्हणून ओरडलो.

मग आप्पांनी चमचा लावला. जन्मात एक संकष्टी न चुकवलेला माणूस. त्यांचंही दूध गेलं. ते खाली वाकले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाटाखाली ओलं आहे."

एवढंच. पितो म्हणाले नाहीत, पीत नाही असंही म्हणाले नाहीत. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आळीतले सगळे गणपती पीत होते, आणि ओल निघाली ती नेमकी आमच्या घरात!

पुढे कळलं, की शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं : पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं? कॉलेजात भेटलेले सगळे हुशार लोक या प्रकाराला हसत, म्हणून मीही हसू लागलो. वीस-पंचवीस वर्षं हसलो.

परवा मुलीने विचारलं, "बाबा, तू स्वतः करून पाहिलंस?"

"अगं, शास्त्रज्ञांनी..."

"ते नाही. तू?"

शेवटी स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केला. वरवंटाही प्यायला. मी विजयी मुद्रेने वळलो, तर ओट्यापाशी उभी असलेली बायको म्हणाली, "मग वरवंट्यात देव नाही कशावरून?"

काय सांगणार? दूध खाली वाहतं, एवढंच मी सिद्ध केलं होतं. आणि तेही आज! आधी न वाकता मानलं, मग न वाकता हसलो. दोन्ही वेळा रोकड पहिल्या फटक्यात जुळलेली.

आप्पा ओटीवर सुपाऱ्या निवडत बसले होते. विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं हो?"

"काय वाटणार?" एक किडकी सुपारी बाजूला टाकत ते म्हणाले. "प्यायला असता तर फार बरं वाटलं असतं. पण ओलं होतं ना रे."