बूच उघडण्यापूर्वी

दिवाळीत तेलाचा मान मोठा. पहाटेच्या अभ्यंगाला ते लागते, पणतीला लागते, आणि चकलीच्या कढईत तर त्याच्यावाचून सणच उभा राहत नाही. या तेलांविषयी आजवर पुष्कळ गोड लिहून झाले आहे. मला ज्या तेलाविषयी लिहायचे आहे ते मात्र काळे, दाट आणि उग्र वासाचे असून जीपगाडीच्या पोटाखालच्या एका लोखंडी पेटीत राहते. गृहिणींनी नाक मुरडण्याआधी एवढेच सांगतो की, त्या तेलापायी जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो त्यांच्या स्वयंपाकघरापासून फार लांबचा नाही.

ज्या मोटारीची चारी चाके इंजिनाच्या जोराने फिरू शकतात, तिच्यात गिअरबॉक्सच्या पाठीमागे ही आणखी एक पेटी असते. मिस्त्री लोक तिला 'ट्रान्सफर' म्हणतात. इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या आसाला वाटून देणे हे तिचे काम. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत चालकाच्या हाताशी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने चाल मंद करून जोर दुपटीच्या आसपास न्यायचा. आमच्या विट्याकडे पाऊस बेताचाच. पण पडला की काळ्या रानातली वाट चाकाला अशी काही बिलगते की, त्या दुसऱ्या दांड्याची आठवण व्हावी. हे सारे ओझे पेटीतली दातेरी चक्रे वाहतात, आणि ती चक्रे दीड लिटरच्या आसपास असलेल्या ९० नंबरच्या तेलात फिरत असतात.

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर चाक ते साऱ्या गावाला ओरडून सांगते, आणि गाडीवानाला शरम वाटते. ट्रान्सफरची पेटी सोशिक. तेल जुने झाले, ओहळ ओलांडताना त्यात पाणी शिरून ते दुधाळ झाले, तरी ती वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. ती बोलते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आमच्या शेजारचे आबा गलाईवाले. विट्याच्या आसपासच्या गावांतून पुष्कळ माणसे या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे इकडच्या वाचकांना ठाऊकच आहे. दागिन्यांची मोड आटवून त्यातले निर्मळ सोने वेगळे करायचे. सोन्यात तिपटीच्या हिशेबाने चांदी मिसळतात, ती नत्राम्लात विरघळवतात, आणि मागे राहते ते सोने. आबांचा सारा उमेदीचा काळ परमुलखात याच कामात गेला. गावी परतल्यावर शेतीसाठी त्यांनी एक जुनी जीप घेतली, आणि यंदा ती माणदेशातल्या एका शेतकऱ्याला विकायचे ठरवले. इसार घेऊन झाला होता. ब्रेक नीट करायला आलेला मिस्त्री गाडीखालून म्हणाला, "आबा, ट्रान्सफरचं तेल कवा बदललंय, काय ठावं हाय का? जाताजाता बदलून टाकू."

आबा म्हणाले, "अरे, परवा गाडी त्याच्या दारात जाणार. आता तेल घालून मी काय तिची पाठवणी करू? आन् उघडलंस, आन् आत काय भलतंच निघालं तर?"

मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत होतो. आबांचे हे शेवटचे वाक्य ऐकले आणि पुढची बातमी वाचण्यात माझे लक्ष लागेना.

तेलाचा खर्च आबांना जड नव्हता. त्यांना भय होते ते पाहण्याचे. बूच मिटलेले आहे तोवर 'गाडी चांगली आहे' हे त्यांचे वाक्य खरे होते; निदान खोटे तरी नव्हते. बूच उघडले की ते वाक्य उच्चारण्याची मोकळीक जाणार. आपण सर्वसाधारणपणे समजतो की, खोटे बोलणे हा दोष आहे आणि न जाणणे हे केवळ दैव. पण न जाणणे हेही कधीकधी घरातल्या ठेवीसारखे जपून ठेवलेले असते. त्याला कुलूप असते, आणि किल्ली आपल्याच कमरेला.

घरोघरी पाहा. दिवाळीच्या तोंडावर रक्तातली साखर तपासून घ्या म्हटले तर वडीलधारी माणसे म्हणतात, "सण होऊ दे, मग बघू." करंज्या खाताना त्यांना 'मला काही त्रास नाही' असे म्हणायचे असते, आणि ते प्रामाणिकपणे म्हणायचे असते! आमच्या शाळाखात्यातही हा प्रकार आहे. फळ्यावरचे सुरेख अक्षरात उतरवून घेणारे एखादे पोर वरच्या इयत्तेपर्यंत येते. त्याच्यापुढे न पाहिलेला उतारा ठेवून 'वाच बाळ' म्हणायला सहसा कुणी धजत नाही. कारण त्याला वाचता येत नाही हे एकदा कळले की ते शिकवावे लागणार. वही सुंदर आहे, शेरा 'छान' आहे. पोर निमूट आहे, त्या पेटीसारखे.

एका वकील स्नेह्याने मला या बाबतीत एक गमतीची गोष्ट दाखवली. कायद्याच्या दोन पुस्तकांत 'सद्भाव' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाप्रमाणे गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असली म्हणजे पुरे. तीत हयगय झाली असो वा नसो. १८६० च्या दंडसंहितेने मात्र, योग्य काळजी व लक्ष न देता जे केले वा मानले ते सद्भावाचे नव्हेच असे ठरवले होते. आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो अर्थ ठेवला आहे. आबा पहिल्या पुस्तकाप्रमाणे निर्दोष ठरतील. दुसऱ्याप्रमाणे त्यांना गाडीखाली वाकावे लागेल.

यावर कुणी म्हणेल, मग काय माणसाने आयुष्यभर बुचेच उघडत बसावे? जगात झाकलेल्या वस्तू अगणित आहेत. प्रत्येक भिंत पोखरून पाहू लागलो तर घरात राहणार कोण? आक्षेप रास्त आहे. सवड नाही, पैसा नाही, सुचलेच नाही, या कारणांनी बूच मिटलेले राहिले तर त्याला फार तर आळस म्हणावे. पण आत काय निघेल याचा अंदाज आहे, आणि ते निघाले तर समोरच्याला सांगावे लागेल, म्हणून जो उघडत नाही त्याला अर्धे तरी कळलेलेच असते. उरलेले अर्धे तो स्वतःपासून लपवतो. शिवाय सोने घेणाऱ्याजवळ कसोटीचा दगड तरी असतो. जीप घेणारा शेतकरी परक्याच्या अंगणात आडवा होऊन पाना कसा फिरवणार? ज्याला पाहता येत नाही त्याच्या वतीने पाहण्याचे काम ज्याला पाहता येते त्याच्याकडे जाते, असे मला वाटते. आबांचा स्वतःचा धंदा दुसऱ्या कशावर चालला? परक्या शहरातला सराफ आपले सोने त्यांच्या भट्टीच्या हवाली करीत होता.

मी हे काही त्यांना ऐकवले नाही. मास्तराने शेजाऱ्याला शिकवू नये. मिस्त्रीच म्हणाला, "आबा, भट्टीत घातल्याबिगर सोनं कसं हाय हे तुमी कवा सांगितलंसा का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काढ."

तेल पातळ व्हावे म्हणून गाडीची रेणावीपर्यंत एक फेरी झाली. मग सपाट जागेवर उभी करून मिस्त्र्याने आधी वरचे, भरण्याचे बूच सैल केले. मला वाटले होते खालचे आधी. तो म्हणाला, खालचे काढून सारे तेल सांडले आणि वरचे गंजून बसलेले निघालेच नाही, तर नवे भरणार कुठून? त्यानंतर खालचे काढले. काळी धार परातीत पडली, आणि ती निवळू लागली तेव्हा तिच्यात बारीक चमक दिसली. आबांनी दोन बोटांत थेंब घेऊन चोळला. सारा जन्म राखेत चकाकी हुडकण्यात घालवलेला माणूस. पण इथे चकाकी म्हणजे तोटा होता. आतल्या काशाच्या चकत्या झिजत असाव्यात, असे मिस्त्र्याचे मत पडले. गाडी बंद पडणार नाही, पण दोनेक पावसाळ्यांत पेटी खोलावी लागेल.

वरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत नवे तेल भरले. जुने मिस्त्र्याने डब्यात भरून नेले. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, गटारीत ओतायचे नाही.

माणदेशातला शेतकरी ठरल्या दिवशी आला. आबांनी पैसे हातात घेण्याआधी त्याला चकाकीची हकिकत सांगितली, आणि कागदात गुंडाळून ठेवलेली ती काळी चिंधी उलगडून दाखवली. त्याने ती उन्हात धरून निरखली, किंमत बरीच पाडून मागितली, आणि आभाराचा एक शब्दही न काढता गाडीभोवती पुन्हा एक फेरा मारून विचारले, "आनि काय काय उघडून बघितलं न्हाईसा?"

आबांनी मिस्त्र्याला हाक मारली.