जलसमाधीचे चित्रण

१५ एप्रिल १९१२ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे १,५०० जीवांसह बुडालेल्या 'टायटॅनिक'च्या अवशेषांचे, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर रशियन 'मीर' पाणबुड्यांतून १२ वेळा उतरून, जेम्स कॅमेरॉन यांनी १९९५ साली आपल्या कथापटासाठी चित्रण केले, तेव्हा मृतांच्या विश्रांतिस्थानी कलेने कोणत्या अधिकाराने प्रवेश करावा, हा प्रश्न अटळ झाला. त्या खोलीवर अस्थीही समुद्रजलात विरघळतात; कमावलेल्या चामड्याचे जोडे मात्र, जिथे देह विसावला तिथेच, जोडीने पडून राहतात, आणि ज्यांना ना अग्नी लाभला ना मूठभर माती, त्यांची तेवढीच खूण उरते. कायद्याचे दफ्तर मालकी, कबजा आणि परवाना यांचा निवाडा करील. पावित्र्याचा निवाडा हेतू आणि आचरण यांवरूनच व्हावा. जो पाहतो पण काही उचलत नाही, त्याचे पाहणे तर्पणाच्या कोटीत जाऊ शकते, असे मी मानतो. तथापि कल्पित नायक-नायिकांची नावे जगाला मुखोद्गत व्हावीत आणि तिसऱ्या वर्गातील खऱ्या उतारूंची अज्ञात राहावीत, हे शल्य मोठे आहे. वाचकहो, तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा प्रारंभीची काही दृश्ये खरोखर त्या तळावर टिपलेली आहेत, एवढे ध्यानात असू द्या.