मनाचे माप आणि माणसाची किंमत



आपले मूल शाळेतून गुणपत्रक घेऊन येते, तेव्हा आपली नजर प्रथम कशावर जाते? आकड्यावर. मी शिक्षक आहे. असे आकडे मीच भरतो. म्हणून एक प्रश्न मला सतत टोचतो. माणसाच्या मनाचे माप घेता येते काय? आणि घेता आले, तरी त्यावरून माणसाची किंमत ठरवावी काय?

मनाचा विचार माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. परंतु मानसशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा अलीकडची. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तेथून हे शास्त्र देशोदेशी पसरले. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा विभाग निघाला.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी मुलांच्या बुद्धीची चाचणी तयार केली. हेतू चांगला होता. वर्गात मागे पडणारे मूल ओळखावे व त्याला विशेष शिक्षण द्यावे. बुद्धी जन्मभर बदलत नाही, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते.

परंतु ही चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थच बदलला. बुद्धी रक्तातून येते, असे तेथील काही विद्वान सांगू लागले. पहिल्या महायुद्धात १७ लाखांहून अधिक सैनिकांची परीक्षा झाली. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांना चित्रे दाखविली. टेनिसच्या मैदानावरचे नाहीसे झालेले जाळे ओळखा, असा त्यांत एक प्रश्न! ज्याने टेनिस कधी पाहिले नाही, त्याने काय ओळखावे? याच आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला व वंशांची उतरंड मांडली. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे तिला धर्मग्रंथांचा आधार दिला गेला, तेथे आकड्यांचा. १९३० साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. परंतु छापलेला कलंक इतक्या सहज पुसला जातो काय?

मग हे शास्त्रच टाकून द्यावे काय? त्यापूर्वी दुसरी बाजू पाहा. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथेच पुढे केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्यांनी ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी दाखविली. वाईट दिसते ती कोणती? बहुसंख्यांनी तपकिरी दाखविली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलांना रडू कोसळले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालपत्रात क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. कायद्याला न दिसणारी जखम या शास्त्राने दाखविली.

आता थोडे थांबून विचार करा. समजा, त्या मुलांच्या मनावर कोणताही ओरखडा दिसला नसता, तर वेगळी शाळा न्याय्य ठरली असती काय? उत्तरेकडील मिश्र शाळांतील मुलांतही हाच कल दिसला होता. म्हणून वेगळी शाळा निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. जो अपमान सहन करूनही ताठ उभा राहतो, त्याचाही अपमान हा अन्यायच होय. जखम किती खोल आहे, हे शास्त्र सांगू शकेल. समतेचा हक्क मात्र जखमेच्या पुराव्यावर अवलंबून नाही. तो माणूसपणाचा आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने वंशभेदाला हातभार लावल्याबद्दल २०२१ साली जाहीर क्षमा मागितली. शास्त्र चुकते, आणि चूक कबूल करते, यातच त्याचे मोठेपण आहे. म्हणून त्याला भिऊ नका, त्याची पूजाही करू नका. आपल्या मुलामुलींना हे शास्त्र अवश्य शिकवा. कारण माप घेणाऱ्यांत आपलेही कोणी असले, तर प्रश्न बदलतात.

आणि आज घरी गुणपत्रक आले, तर आकडा पाहून मुलाला 'ढ' म्हणू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, "बाळ, कोठे अडले?" बिने यांनाही एवढेच विचारावयाचे होते.