मगनवाडीचे मंडळ आणि मानधनाचा प्रश्न

ऑक्टोबर 1934 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाने ग्रामोद्योग संघ स्थापण्याचा ठराव केला आणि डिसेंबरात वर्ध्याला संघ उभा राहिला. तो काँग्रेसच्या राजकारणापासून अलिप्त राहावा, अशी गांधीजींची इच्छा होती. म्हणून पहिले व्यवस्थापक मंडळ निवडणुकीने आले नाही. पारखून घेतलेल्या माणसांचे ते झाले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि खजिनदार, जे. सी. कुमारप्पा चिटणीस, सोबत गोशीबेन कॅप्टन, डॉ. खानसाहेब, प्रफुल्ल घोष, शंकरलाल बँकर आणि इतर काही जण. आपली उत्तम शक्ती खेड्यातल्या गरिबांसाठी खर्च करीन, अशी प्रतिज्ञा संघाच्या सदस्याला घ्यावी लागे. मंडळावर बसणे ही सेवा समजली जाई आणि सेवेचा मोबदला मागायचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरले होते.

पण सेवकालाही घर चालवावे लागते. हे वर्ध्यात सर्वांत आधी जमनालाल बजाजांनी ओळखले. 1921 मध्ये असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. पुढे 1923 मध्ये गांधी सेवा संघ काढला, तोही रचनात्मक कामाला वाहून घेतलेल्यांच्या चरितार्थाची सोय व्हावी म्हणूनच. ग्रामोद्योग संघाला त्यांनी आपली बाग आणि घर दिले, तीच मगनवाडी. स्वतः जाजूंनी वर्ध्यातली वकिली सोडलेली होती. त्या त्यागाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही विनामोबदला सेवेचा हा सगळा डोलारा एका धनिकाच्या औदार्यावर उभा होता, आणि असे औदार्य प्रत्येक गावाच्या नशिबी नसते.

या विचाराला खरी धार आली ती 1937 मध्ये. सरकारी नोकराचा पगार सामान्यतः पाचशे रुपयांच्या वर नसावा, असे कराची काँग्रेसने 1931 मध्येच म्हटले होते. जुलै 1937 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच मंत्रिपदे स्वीकारण्याचा निर्णय घेतला आणि काँग्रेसच्या मंत्र्यांनी पाचशे रुपयांवर काम करायचे ठरले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. पगार ठरवताना मंत्र्याचे राहणीमान, त्याची लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार गोष्टी पाहायला हव्यात, अशी त्यांची मांडणी होती. त्यातला लोकशाहीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पद फुकटाचे किंवा तुटपुंज्या पगाराचे केले की ज्याच्या घरी आधीच पैसा आहे, तोच तिथवर पोहोचतो. इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी 1838 मध्ये खासदारांना पगार मागितला तो याच कारणाने, आणि तो मिळायला 1911 साल उजाडले. ही कसोटी मगनवाडीच्या मंडळाला लावली की मन अस्वस्थ होते. वकील, हिशेबतज्ज्ञ, डॉक्टर, मुंबईचे व्यापारी असे सगळे तिथे होते. ज्यांच्यासाठी संघ निघाला त्या तेलघाणीवाल्याला आणि कुंभाराला मात्र त्या मंडळावर जागा नव्हती. दिवसाची मजुरी बुडवून बैठकीला येणे त्यांना परवडलेही नसते.

स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योगांचे काम सरकारकडे गेले. 1956 च्या कायद्याने आयोग आला. त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमते आणि त्यांच्या सेवाशर्ती नियमांनी ठरतात. पैशाचा प्रश्न सुटला. माणूस का निवडला, हे सूत कातणाऱ्या बाईला विचारता येईल अशी वाट मात्र त्या कायद्यातही निघाली नाही. जाजूंना नेमणारे गांधीजी निदान सेवाग्रामला भेटत तरी होते.

मतदारांना नको असलेला माणूस बदलता येतो तो ग्रामपंचायतीत, आणि मानधनाची सर्वांत जास्त चणचणही तिथेच राहिली. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात ते महिना तीन हजारांवरून सहा हजारांवर गेले. रोजंदारीवर जगणारी एखादी बाई सरपंच झाली, तर ग्रामसभा, तहसील आणि पंचायत समितीच्या फेऱ्यांत तिचे किती रोज बुडतात, याचा हिशेब गावातला कोणीही करून देईल. तो हिशेब मानधन ठरवणाऱ्यांनी आधी मांडावा. आणि ज्या मंडळांवर सरकार माणसे नेमते, तिथे नेमणुकीची कारणे लेखी जाहीर करावीत आणि त्या धंद्यात स्वतःच्या हातांनी राबलेल्यांसाठी जागा राखून त्यांची बुडणारी मजुरी भरून द्यावी.