पान्याची सुतळी

आसनगावहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारा रस्ता शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके जोडतो. त्या रस्त्यालगतच्या एका गावात एक सुतार मिस्त्री राहत होते. सागाचं काम करावं तर त्यांनीच, असं दोन्ही तालुक्यांतली माणसं म्हणत. त्यांचा जन्म रंधा आणि पटाशी चालवण्यात गेला. हातात धरायचं विजेचं पॉलिश मशीन त्यांच्या दुकानात उशिरा आलं, आणि आलं त्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट केली. पॅड घालायचा-काढायचा पाना त्यांनी मशीनच्या वायरीला, अगदी पिनेजवळ, आखूड सुतळीनं बांधून टाकला. पिन बोर्डात असेपर्यंत पाना मशीनपर्यंत पोचायचाच नाही.

मशीन ते गरजूला खुशाल देत, भाडं घेत नसत. मात्र देण्याआधी समोर उभं करून सांगत. गळ्यातला गमछा काढून ठेव. बाह्या कोपरापर्यंत दुमड. डोळ्यांवर चष्मा लाव. वायर खांद्यावरून पाठीमागे टाक, म्हणजे पॅडखाली यायची नाही. दोन्ही हातांनी धर. पॅड आधी फळीला सपाट टेकव आणि मगच खटका दाब, नाहीतर मेण तोंडावर उडेल. कडेला आलास की हात हलका ठेव, पॅड कडेला अडकलं की मशीन हाताला हिसका देतं. एवढं सगळं सांगून झालं की शेवटी म्हणत, "आणि ती सुतळी सोडू नको." का, ते सांगत नसत.

एका वैशाखात टोकावड्याच्या पलीकडचा, माळशेजच्या पायथ्याचा एक पोरगा मशीन न्यायला आला. घरात बहिणीचं लग्न होतं. ओटीवर आजोबांच्या वेळचा सागाचा झोपाळा होता, धुरानं काळा पडलेला. पोरानं तो हातानं घासून काढला होता, आधी १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ३२०. सीलरही मारून झाला होता. आता मेणाची चकाकी तेवढी आणायची होती. मित्राकडच्या ग्राइंडरलाच पॉलिशचं पॅड लावून काम उरकायचा त्याचा बेत होता. मिस्त्रींनी तो मोडून काढला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. पॉलिश मशीन साधारण ६०० ते ३,०००. सावकाश फिरण्यासाठी केलेलं पॅड त्या वेगाला फाटतं आणि त्याचे तुकडे कुठेही जातात. "ते कापायचं मशीन आहे, हे घेऊन जा," म्हणून त्यांनी आपलं मशीन त्याच्या हातात दिलं.

पोरगा कामाचा होता. सांगितलेलं सगळं त्यानं पाळलं, चष्मासुद्धा लावला. पण बोर्ड माजघरात आणि झोपाळा ओटीवर. खरखरीत पॅड काढून मऊ लोकरीचं लावायचं, ते मेणानं भरलं की दुसरं लावायचं, आणि दर वेळी पान्यासाठी आत जाऊन पिन उपसायची. अर्धा झोपाळा होईतो तो वैतागला. विळा घेतला, सुतळी कापली, पाना खिशात टाकला. खटका दाबून दाबून बोट अवघडलं होतं, म्हणून त्यानं बाजूचं बारीक बटण दाबून खटका आतच अडकवून ठेवला. ते बटण त्यासाठीच असतं, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

दुपारी वळवाचा वारा सुटला आणि लाईट गेली. आभाळ गडगडलं की इथली लाईट आधी जाते. इथल्या माणसाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. मशीन घरघरत थांबलं. लाईट येईतो पॅड तरी बदलून घेऊ, म्हणून पोरगा खाली बसला. मशीन मांडीवर घेतलं, डाव्या हातानं पॅड धरलं, उजव्या हातानं पाना लावला. खटका अजून आत अडकलेला होता. मशीन गप्प होतं, त्यामुळे ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात लाईट आली.

पॅड फिरलं, डावा अंगठा उलटा पिरगळला, पाना हातातून सुटून समोरच्या कुडावर आदळला. शेणानं सारवलेला कारवीचा कुड होता, त्यात पाना रुतून बसला. तिथून हातभर अलीकडे पोराची लहान भाची सागरगोटे खेळत होती. मशीन मांडीवरून उडी मारून खाली पडलं आणि जमिनीवर गरगरत राहिलं. आजीनं धावत जाऊन आतली पिन ओढली तेव्हा ते थांबलं.

काही महागड्या नव्या मशीनमध्ये अशी सोय असते की लाईट परत आली तरी खटका सोडून पुन्हा दाबल्याशिवाय ती सुरूच होत नाहीत. गावागावातून फिरणारी बहुतेक मशीन साधी असतात. खटका अडकलेला असला की त्यांना फक्त विजेची वाट.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. मुरबाडला प्लास्टर घातलं, आणि बहिणीच्या लग्नात पोरानं एका हातानं अक्षता टाकल्या. लग्न उरकल्यावर तो मशीन परत करायला आला.

मिस्त्रींनी आधी विचारलं, "बोटं हलतात का सगळी?"

"हलतात. काका, सुतळी मी कापली."

"दिसलं मला."

पोरगा थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्याचं कारण सांगितलंत. वायर मागे का टाकायची, मेण का उडतं. सुतळीचं मात्र सांगितलं नाहीत. मला वाटलं, पाना हरवू नये म्हणून बांधलाय."

मिस्त्री गप्प झाले. मला वाटतं, इथे पोराचं बरोबर होतं. आयुष्यभर हत्यारं हाताळलेल्या माणसाला जे उघड दिसतं ते दुसऱ्यालाही दिसत असेल, असं तो धरून चालतो. आणि कारण ठाऊक नसलेली सुतळी अडचण झाली की माणूस कापतोच. मिस्त्रींनी त्याला दोष दिला नाही, आपलीही बाजू मांडली नाही. नवी सुतळी आणून पाना पुन्हा पिनेजवळ बांधला आणि पोराला म्हणाले, "पुढचा माणूस न्यायला येईल त्या दिवशी तूही ये."

आठवड्याभरानं डोळखांबकडचा एक जण देवळाचा दरवाजा चमकवायला मशीन मागायला आला. मिस्त्रींनी मशीनवरचं पॅड काढलं, खटका बटणानं अडकवला आणि मशीन दोन्ही हातांत घट्ट धरलं. पोरगा बोर्डाशी उभा होता.

"चालू आहे का हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही," तो माणूस म्हणाला. "बंदच आहे की."

पोरानं बोर्डावरचं बटण दाबलं. मशीन हातात एकदम उसळलं आणि किंचाळायला लागलं. तो माणूस दोन पावलं मागे सरकला. पोरानं बटण बंद करून आपला प्लास्टरमधला अंगठा त्याच्यासमोर धरला आणि कुडात रुतलेल्या पान्याचं सगळं सांगितलं, भाची कुठे बसली होती तेही.

"आमच्याकडे लाईट दिवसातून तीन-तीनदा जाते," तो माणूस म्हणाला. "दर वेळी एवढं करायचं?"

"दर वेळी. आधी खटका मोकळा करायचा, मग पिन काढायची, मग पाना हातात घ्यायचा. आता तू करून दाखव."

पहिल्या खेपेला त्यानं पिन काढली, पण खटका तसाच राहिला. मिस्त्रींनी पिन पुन्हा लावून दिली आणि म्हणाले, "परत कर."