एन४च्या पुढची जपानी

मनोरला रेल्वे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून पालघरकडे जिथे फाटा फुटतो, तिथे हे गाव वाढले. कॉलेज गाठायचे, लोकल पकडायची, तर एसटी किंवा रिक्षाने आधी पालघरला जावे लागते. तरीही जपानशी या परिसराचा संबंध पुण्याखालोखाल थेट म्हणावा असा आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर १२ स्थानके आहेत. महाराष्ट्रातल्या चारांपैकी विरार आणि बोईसर ही दोन पालघर जिल्ह्यात येतात. तंत्र जपानच्या शिनकानसेन या वेगवान रेल्वेचे आहे, आणि मूळ खर्चाच्या सुमारे ८१ टक्के रक्कम जपानने ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ द्यायची असे ठरले. अशा जिल्ह्यात जपानी शिकवावी का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती कुठवर शिकवावी, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की, प्राथमिक पातळीला थांबणारी जपानी येथे पुरणार नाही. विद्यार्थ्याला मध्यम पातळीपर्यंत नेणे गरजेचे आहे, आणि ते काम विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानेच होण्यासारखे आहे.

मध्यम पातळी म्हणजे काय, हे जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या इतिहासावरून चांगले समजते. १९८४ साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा तिच्या चारच पायऱ्या होत्या. खालून दुसऱ्या पायरीला सुमारे ३०० कांजी, म्हणजे चिनी मुळाची चिन्हाक्षरे, आणि १,५०० शब्द अपेक्षित होते, तर तिच्या वरच्या पायरीला सुमारे १,००० कांजी आणि ६,००० शब्द. या दरीत इतके विद्यार्थी अडकत होते की २०१० मध्ये मधोमध एक नवी पायरी घालावी लागली. तीच आजची एन३. परीक्षा घेणाऱ्यांनीच येथे दिलेली ही कबुली आहे: भाषेचा खरा चढ सुरुवातीला लागत नाही, तो मध्ये लागतो. आपल्याकडचे बहुतेक वर्ग मात्र एन५ आणि एन४ या सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांपाशी संपतात, म्हणजे चढ सुरू होतो तिथेच विद्यार्थ्याचा हात सुटतो.

मराठी मुलांच्या बाबतीत हा चढ आणखी फसवा ठरतो, कारण त्यांची सुरुवात फार सोपी जाते. ‘किनो कात्ता होन ओ योन्दे ओइता’ हे जपानी वाक्य घ्या. ‘काल घेतलेले पुस्तक वाचून ठेवले’ हे त्याचे मराठी. शब्दांचा क्रम जराही हलत नाही. नामाआधी येणारे ‘घेतलेले’, शेवटी येणारे क्रियापद, गाळलेला कर्ता, आणि पुढच्या सोयीसाठी केलेल्या कामाला लागणारे ‘ठेवले’, हे सारे दोन्हीकडे सारखे. ‘करून बघणे’ आणि ‘करून टाकणे’ यांनाही जपानीत जवळजवळ जुळी रूपे आहेत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या युरोपीय विद्यार्थ्याला ज्याची सवय व्हायला महिने लागतात, ते मनोरच्या मुलीला आपोआप येते. ‘मिन्ना नो निहोंगो’ या प्राथमिक पाठ्यपुस्तकाचे ५० धडे ती झपाट्याने संपवते, आणि भाषा आली असे तिच्यासकट सगळ्यांना वाटू लागते. पण मराठीची ही मदत वाक्यरचनेपुरती आहे. हिंदी-गुजराती शिकताना संस्कृत शब्दांचा जो आधार मिळतो, तो येथे नाही. वर्तमानपत्रात, करारात, अहवालात चिनी मुळाचे जोडशब्द येतात आणि ते एकेक करून कमवावे लागतात. शिवाय वाक्ये लांबत जातात आणि बोलणारा दिसेनासा होतो. ‘तो सारेते इरु’, म्हणजे ‘असे मानले जाते’. कोण मानते? वाक्य ते सांगत नाही, आधीच्या परिच्छेदातून ते शोधावे लागते. मध्यम पातळीचा विद्यार्थी मुख्यतः हे शोधणेच शिकत असतो.

याला वेळ लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी जपानीला २,२०० वर्गतास धरते. व्याकरणात मराठी माणसाची बचत होईल, कांजीत होणार नाही. महाविद्यालयात आठवड्याला सहा तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले, तर तीन वर्षांत ५४० तास होतात. चौथा हिस्सासुद्धा नाही. मग विद्यापीठाचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. उपयोग असा की, विद्यार्थी स्वतःहून वाचू लागेल त्या टप्प्यापर्यंत विद्यापीठ त्याला नेऊ शकते. उरलेले तास तो स्वतः भरतो. सहा महिन्यांच्या क्लासला हे जमत नाही, कारण त्याचे लक्ष परीक्षेवर असते, आणि जेएलपीटीत ना बोलण्याची परीक्षा आहे ना लिहिण्याची. सगळे पर्यायांवर खुणा करून होते. एन३ उत्तीर्ण होऊनही साधे पत्र लिहिता येत नाही, अशी स्थिती या रचनेत सहज संभवते. विद्यापीठ निबंध लिहून घेऊ शकते, तोंडी परीक्षा घेऊ शकते, एकच अग्रलेख आठवडाभर वाचू शकते. पुण्यात हे घडले आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधले पायरी-पायरीने चढणारे अभ्यासक्रम आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातली जपानीची पदवी व पदव्युत्तर पदवी यांतून शिक्षक आणि अनुवादक तयार झाले.

असे वाचणारे लोक पालघर जिल्ह्यात का हवेत, याचे उत्तर तारापूरला आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. मार्च २०११ मध्ये ज्या फुकुशिमा दाइची केंद्रात दुर्घटना झाली, तिथली पहिली भट्टीही त्याच कंपनीची आणि त्याच मूळ प्रकारातली. त्यामुळे फुकुशिमात काय चुकले, हा बोईसर-तारापूरच्या रहिवाशांचा स्वतःचा प्रश्न होता आणि आहे. जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल जुलै २०१२ मध्ये आला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी या दुर्घटनेचे मूळ जपानी संस्कृतीत, अधिकाऱ्यांना प्रश्न न विचारण्याच्या सवयीत असल्याचे लिहिले. जगभरच्या वृत्तपत्रांनी तेच उचलले. जपानी आवृत्तीच्या प्रस्तावनेत मात्र संस्कृतीवर ठेवलेला हा ठपका नाही. संस्कृतीला दोष दिला की नियामक यंत्रणा आणि कंपनी यांच्या नेमक्या जबाबदारीवरून लक्ष उडते, अशी टीका तेव्हा झाली, आणि मला ती रास्त वाटते. तारापूरला उपयोगी पडेल असा धडा नियामक कसा वागला याचा आहे. तो ज्याला जपानी वाचता येते त्याला थेट मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला परदेशी वाचकांसाठी निवडलेला मजकूर येतो.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा. जपानच्या कुशल कामगार व्हिसासाठी बहुतेक क्षेत्रांत एन४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा पुरते. त्याबाबत भारताशी २०२१ मध्ये करार झाला, आणि पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीयांना जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केले. मग गरीब घरातल्या मुलाला आणखी दोन वर्षे का अडकवायचे? मुलाने एन४वर जरूर जावे, त्याला कोणी रोखू नये. पण त्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात राहण्याची मर्यादा साधारण पाच वर्षांची आहे आणि कुटुंब नेता येत नाही. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामात कायम पाय रोवायचे तर राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि ती जपानीत असते. पगाराची चिठ्ठी, घरभाड्याचा करार, दवाखान्याचा फॉर्म दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस परक्या देशात मध्यस्थाच्या मुठीत राहतो.

भाषांतराची यंत्रे आहेत, हा दुसरा आक्षेप. मजकुराचा आशय कळण्यासाठी ती उत्तम आहेत आणि वापरावीतही. पण मूळ वाक्यात कर्ता नसला की यंत्र अंदाजाने एखादा बसवते, आणि तो चुकला आहे हे ज्याला मूळ वाचता येते त्यालाच कळते. करारात नेमका कर्ताच महत्त्वाचा असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. बुलेट ट्रेनसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, त्या आदिवासी गावांतल्या मुलांना त्याच देशाची भाषा शिका म्हणणे जखमेवर मीठ चोळणे नाही का? त्यांची वारली भाषा शाळेत जेमतेम टिकते, आणि त्यात ही परकी भर. वारलीची हेळसांड खरी आहे आणि तिची दुरुस्ती आधी व्हायला हवी. पण जपानी शिकणे म्हणजे प्रकल्पाला होकार देणे नव्हे. कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेचे पर्यावरण आणि पुनर्वसनाविषयीचे नियम आहेत. त्यांवर चर्चा करू शकणारी संसद, लिहिणारी वृत्तपत्रे, प्रश्न विचारणारे नागरिक जपानमध्ये आहेत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी मुलगी गावात असेल, तर गावाचे म्हणणे दुभाष्याच्या मर्जीवर राहणार नाही. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-गुजराती बोलणाऱ्या मुलीला चौथी-पाचवी भाषा झेपणार नाही, असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला जोडून दुय्यम विषय घेण्याची सोय आहे. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक शिक्षक नेमला, तरी तीन वर्षांचा जपानीचा दुय्यम विषय उभा राहू शकतो. त्यात कांजी आणि वाचन यांना निम्मे तास द्यावेत, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांकडून एक तरी खरा अहवाल वाचून घ्यावा. तोवर पालकांना एवढीच विनंती: घरात एन४चे प्रमाणपत्र आले, की ‘आता पुरे’ म्हणू नका.